पेट्रोलवर चालणारा वेल्डिंग जनरेटर: सुरक्षित वापराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाइट नसलेल्या जागी गेट बसवायचं असतं, शेतातल्या शेडची कैची उभी करायची असते, ट्रॉलीचा तुटलेला हुक जागेवरच जोडायचा असतो. अशा कामांसाठी लोक आमच्याकडून पेट्रोलवर चालणारा वेल्डिंग जनरेटर भाड्याने नेतात. यंत्र टेम्पोत चढवताना जे प्रश्न विचारले जातात आणि जे विचारायला हवेत पण राहून जातात, ते सगळे इथे लिहिले आहेत. हे सगळं साधारण २०० अँपिअरपर्यंतच्या लहान, एअरकूल्ड यंत्रांबद्दल आहे. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत काही वेगळं सांगितलं असेल, तर पुस्तिकेप्रमाणेच करा.

हा जनरेटर आहे की वेल्डिंग मशीन?

दोन्ही. पेट्रोल इंजिन एक अल्टरनेटर फिरवतं. त्यातून एका बाजूला वेल्डिंगसाठी कमी व्होल्टचा, जास्त अँपिअरचा डीसी करंट मिळतो आणि दुसऱ्या बाजूला ग्राइंडर, ड्रिल, दिवे यांच्यासाठी २३० व्होल्टचं सॉकेट मिळतं. त्यामुळे धोकेही दोन्हीकडचे येतात: इंजिनाचा धूर आणि पेट्रोल, २३० व्होल्टचा शॉक, वेल्डिंगचा प्रकाश आणि ठिणग्या. कारखान्यात वर्षानुवर्षं वेल्डिंग केलेला मिस्त्री ठिणग्या आणि शॉक बरोबर सांभाळतो. इंजिनाशी मात्र त्याचा संबंध आलेला नसतो, आणि नेमकी तिथेच गफलत होते.

पाऊस आहे, मशीन शेडमध्ये किंवा गाळ्यात ठेवून चालवलं तर? शटर पूर्ण उघडं ठेवू.

नाही. शटर उघडं असो, खिडक्या असोत, पंखा लावलेला असो, यंत्र आत चालवायचं नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

पेट्रोल पूर्ण जळलं नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळेही झोंबत नाहीत. आपल्याला जो धुराचा वास येतो तो इतर वायूंचा असतो, त्यामुळे वास गेला म्हणजे हवा स्वच्छ झाली असं समजता येत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो, छाती वरखाली होत राहते, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोचत नाही. गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, अशा लहान इंजिनांना तो सहसा नसतो. अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग सांगतो की एक पोर्टेबल जनरेटर शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो. घरापासून निदान २० फूट, म्हणजे ६ मीटर, लांब ठेवा असंही तोच आयोग सांगतो.

शटर उघडं ठेवल्याने का भागत नाही? वारा आत येणारा असेल तर धूर बाहेर न जाता आतल्या कोपऱ्यात साठतो. गाळ्याला मागे खिडकी नसेल तर हवा आरपार जातच नाही. शिवाय वेल्डर खाली वाकून, एकाच जागी, स्क्रीनमागे (तोंडासमोर धरायच्या काळ्या काचेच्या ढालीमागे) श्वास घेत असतो. बाकीच्यांना त्रास व्हायच्या आधी तो त्याला होतो.

उपाय साधा आहे. यंत्र बाहेर ठेवा आणि केबल आत न्या. वेल्डिंगची केबल लांब मिळते, ती आधीच मागून घ्या. यंत्राचा सायलेन्सर दारा-खिडक्यांकडे किंवा शेजाऱ्याच्या घराकडे तोंड करून ठेवू नका, वाऱ्याची दिशा पाहून ठेवा. पडवी, बेसमेंट, चारी बाजूंनी ताडपत्री लावलेला मंडप आणि कोरडी विहीर ह्या सगळ्या जागा आतल्याच धरा. विहिरीत किंवा टाकीत काम असेल तर तिथे यंत्र कधीच उतरवू नका, आणि माणूस उतरवण्याआधीही आतली हवा तपासून घ्या. पावसापासून बचाव हवा असेल तर चार बांबूंवर उंच पत्रा टाका, बाजू पूर्ण मोकळ्या ठेवा.

काम करताना डोकं दुखायला लागलं. दमल्यामुळे असेल का?

पेट्रोल इंजिन जवळ चालू असताना डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं, पाय गळाल्यासारखे झाले, तर आधी कार्बन मोनॉक्साइडचाच संशय घ्या. ताप नसतो, म्हणून लोक ऊन लागलं किंवा पित्त झालं समजून पाच मिनिटं तिथेच बसतात. बसायचं असेल तर उघड्यावर जाऊन बसा. दोघा-तिघांना एकदम त्रास होत असेल तर शंकेला जागाच नाही.

माणसाला मोकळ्या हवेत काढा, १०८ ला फोन करा आणि इंजिनाच्या धुरात काम चालू होतं हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. करोनाच्या काळात घरोघरी आलेलं ऑक्सिमीटर इथे फसवतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं आणि तो ९८ दाखवतो. रुग्णालयात शुद्ध ऑक्सिजन देतात, त्याने हा वायू रक्तातून कितीतरी लवकर निघून जातो. आणि कुणी आत बेशुद्ध पडलेला दिसला तर धावत आत शिरू नका. इंजिन बंद करता येत असेल तर बाहेरूनच करा, दारं उघडा, मग त्याला ओढून काढा. वाचवायला गेलेलाही शेजारी कोसळतो, असं या वायूच्या बाबतीत पुन्हा पुन्हा घडलेलं आहे.

पेट्रोल संपत आलं आहे, थोडंसंच भरायचं आहे. इंजिन चालू ठेवून ओतलं तर?

हा प्रश्न नेहमी संध्याकाळी येतो. शेवटचे दोन जोड राहिलेले असतात, अंधार पडत असतो, टाकीत पेट्रोल खडखडत असतं आणि हेल्पर कॅन घेऊन उभा असतो. तेव्हा यंत्राकडे नीट पाहा: टाकी वर, तिच्याखाली इंजिन, आणि बाजूला सायलेन्सर. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेटू शकते. पेट्रोल सांडून नुसतं तापलं तरी साधारण २५० ते २८० अंशांना ठिणगीशिवाय पेट घेतं, आणि चालून आलेला सायलेन्सर याहून गरम असू शकतो. ओतताना दोन थेंब खाली ओघळणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही.

म्हणून इंजिन बंद करा आणि निदान १५ मिनिटं थांबा. वेल्डिंगही थांबवा, दुसऱ्या कुणाचा ग्राइंडर चालू असेल तर तोही. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत, उतारावर, गटाराच्या कडेने सरकत जाते आणि लांबच्या ठिणगीपाशी पोचते. बिडी-सिगारेटचं वेगळं सांगायला नको, पण मोबाइलची बॅटरी लावून डोक्यावरून वाकून बघणारेही लांबच बरे. टाकी गळ्यापर्यंत भरू नका, तापल्यावर पेट्रोल फुगतं. सांडलेलं पुसून, वाळू द्या, पुसलेलं फडकं लांब ठेवा, मगच दोरी ओढा. सगळ्यात चांगलं म्हणजे सकाळी काम सुरू करताना आणि जेवणाच्या सुट्टीनंतर, यंत्र गार असताना, टाकी भरून घ्यायची सवय लावा. संध्याकाळची घाई मग उरतच नाही.

पेट्रोल कशात आणायचं? पाण्याच्या बाटलीत चालतं ना?

चालत नाही, कायद्यानेही नाही. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी, विक्रीसाठी नव्हे, एकूण ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं. पण ते घट्ट झाकणाच्या भांड्यात हवं आणि धातूचं भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको. पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक पातळ असतं, उन्हात फुगतं, झाकण वाफ धरत नाही. शिवाय कुणीतरी तहानलेला माणूस ती उचलतो, हा धोका साइटवर खराच असतो.

५ किंवा १० लिटरचा पत्र्याचा डबा घ्या. पंपावर तो भरताना गाडीत किंवा रबरी मॅटवर ठेवू नका, खाली जमिनीवर ठेवून नोझल त्याला टेकवून भरा. त्यामुळे साचलेली स्थिर वीज जमिनीत निघून जाते. साइटवर डबा यंत्रापासून आणि वेल्डिंगपासून लांब, सावलीत ठेवा.

सुरू करण्याआधी काय बघायचं?

सपाट जागा बघा. तिरक्या जागी ऑइलची पातळी चुकीची दिसते, आणि यंत्र थरथरत सरकतंही. नवीन यंत्र पुष्कळदा ऑइल न भरता येतं, हे लक्षात ठेवा. ऑइल कमी झालं की इंजिन बंद करणारा सेन्सर बऱ्याच यंत्रांत असतो, पण तो पातळी बघतो, ऑइलची प्रत बघत नाही. नवीन इंजिनाचं पहिलं ऑइल साधारण २० तासांनी बदलतात, पुढे १०० तासांनी.

पेट्रोलच्या नळीला हात लावून बघा, ओली लागली तर सुरू करू नका. एअर फिल्टर ग्राइंडिंगच्या धुळीने लवकर बसतो. हवा कमी पडली की पेट्रोल अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो, म्हणजे घाणेरडा फिल्टर हा नुसता मायलेजचा प्रश्न राहत नाही. होल्डरचं इन्सुलेशन तुटलेलं आहे का, केबलला कुठे कट आहे का, क्लॅम्पचं स्प्रिंग घट्ट आहे का, हे डोळ्यांनीच नाही तर हाताने चाचपून बघा, अर्थात यंत्र बंद असताना. रॉड होल्डरमध्ये लावलेला आणि होल्डर जॉबवर, म्हणजे जोडायच्या तुकड्यावर, पडलेला असताना दोरी ओढू नका. सगळ्या पिना काढलेल्या असू द्या.

दोरी ओढताना ती बोटांभोवती गुंडाळू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट जातं.

वेल्डिंगच्या करंटचा शॉक लागतो का? व्होल्टेज तर कमी असतं.

रॉड जॉबला टेकलेला नसताना होल्डरवर साधारण ६० ते ८० व्होल्ट असतात. आर्क, म्हणजे रॉड आणि जॉब यांच्यामधली विजेची ज्योत, चालू झाला की ते २०-२५ व्होल्टवर येतात. म्हणजे धोका काम चालू असताना कमी आणि रॉड बदलताना जास्त. कोरड्या हाताला, कोरड्या हातमोज्यात, कोरड्या जमिनीवर हे व्होल्टेज सहसा जाणवत नाही, आणि म्हणूनच माणूस बेफिकीर होतो. घामाने भिजलेला शर्ट, ओले मोजे, पाठीमागे लोखंडी खांब, पायाखाली चिखल अशी स्थिती असेल तर तेच ८० व्होल्ट जीव घेऊ शकतात. कोकणातल्या जुलैमध्ये ही स्थिती रोजचीच असते.

पावसात वेल्डिंग थांबवा. दमट दिवसात कोरड्या लाकडी फळीवर किंवा रबरी मॅटवर उभे राहा, मोज्यांची दुसरी कोरडी जोडी जवळ ठेवा. होल्डर काखेत धरायची सवय असेल तर ती सोडा. व्हीआरडी असलेलं यंत्र मिळत असेल तर तेच मागा, त्यात आर्क नसताना होल्डरवरचं व्होल्टेज आपोआप खाली येतं. लोखंडी टाकीत किंवा पाण्याच्या पाइपात शिरून काम करायचं असेल तर व्हीआरडी आणि बाहेर उभा असलेला एक माणूस, दोन्ही लागतातच.

अर्थचा क्लॅम्प कुठे लावायचा?

जिथे वेल्डिंग करताय त्याच तुकड्यावर, जवळात जवळ, रंग आणि गंज घासून. शेडच्या एका टोकाला क्लॅम्प आणि दुसऱ्या टोकाला वेल्डिंग असं केलं की करंट मधल्या बोल्टांमधून, साखळ्यांमधून, कधी इमारतीच्या बारीक अर्थिंग वायरमधून वाट काढतो. शंभर अँपिअर त्या वायरीतून गेले की ती तापून जळते, आणि आग तुमच्यापासून वीस फुटांवर भिंतीच्या आत लागते.

यंत्राच्या बॉडीवर अर्थिंगचा वेगळा बोल्ट असतो. त्याला तांब्याची वायर लावून जमिनीत ठोकलेल्या रॉडला जोडायची, हे काम वेगळं. वेल्डिंगच्या क्लॅम्पने ते होत नाही.

लाइट गेली आहे. यंत्राचं २३० व्होल्ट सॉकेट घराच्या वायरिंगला जोडू का?

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून घराच्या सॉकेटमध्ये घालायची, ही युक्ती गावोगावी ठाऊक आहे. कृपा करून हे करू नका.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, दापोलीकडे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं काही आठवडे अंधारात होती. उडालेले पत्रे बसवायला, वाकलेल्या कैच्या सरळ करायला अशी यंत्रं दिवसभर चालत होती. रात्री तीच यंत्रं घरातल्या दिव्यांसाठी आणि पंपासाठी वापरायचा मोह होणं साहजिक होतं. त्याच वेळी महावितरणचे वायरमन, बाहेरच्या जिल्ह्यांतून मदतीला आलेले सुद्धा, तारा हातात घेऊन काम करत होते.

तुम्ही घराच्या सॉकेटमध्ये करंट सोडला आणि मेन स्विच चालू राहिला, तर तो करंट मीटरमधून उलटा खांबावर जातो. तिथे वायरमनच्या हातातली तार मेलेली असायला हवी, ती २३० व्होल्टने जिवंत होते. पुढे डीपीपर्यंत पोचला तर जो ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे कमी करतो, तोच उलट्या दिशेने वाढवतो आणि वरच्या तारांवर हजारो व्होल्ट येतात. लाइट आल्यावर तुमचं यंत्र जळतं ते वेगळंच. "मेन स्विच बंद करतो की" असं सगळे म्हणतात. पण घरातलं दुसरं कुणीतरी, लाइट आली का बघायला, तो चालू करतं. आणि दोन पिनांच्या वायरीचं एक टोक निघालं तर त्याच्या उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट असतात.

घराला द्यायचंच असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. तेवढी सोय नसेल तर यंत्राच्या सॉकेटमधून जाड एक्स्टेंशन वायर घेऊन पंप किंवा दिवे थेट तिला जोडा, घराच्या वायरिंगला हातच लावू नका. तुटलेली तार दिसली तर १९१२ वर कळवा.

वेल्डिंग चालू असताना दुसऱ्याने ग्राइंडर चालवला तर?

लहान यंत्रावर नको. १० नंबरच्या, म्हणजे ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला ११० अँपिअर धरले तर आर्कवर साधारण २४ व्होल्ट पडतात, म्हणजे आर्कमध्येच पावणेतीन किलोवॅटच्या आसपास शक्ती जाते. त्यावर ७००-८०० वॅटचा ग्राइंडर टाकला की इंजिन दबतं, व्होल्टेज खाली-वर होतं, ग्राइंडरची मोटर तापते आणि जोडही कच्चा पडतो. ग्राइंडरचा वेग अचानक बदलला की चकती फुटण्याचीही भीती असते. आळीपाळीने काम करा.

एक्स्टेंशन वायर ड्रमवर गुंडाळलेली ठेवून लोड टाकू नका, ती आतल्या आत तापते. पूर्ण उलगडा. पुष्कळ लहान जनरेटरमध्ये न्यूट्रल बॉडीला जोडलेलं नसतं. अशा यंत्रावर नुसतं आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) लावून निर्धास्त होता येत नाही, कारण पहिल्या बिघाडाला ते पडत नाही. तुमच्या यंत्रात जोडणी कशी आहे ते आम्हाला विचारा, आणि दुहेरी इन्सुलेशनची, चौकटीत चौकट असं चिन्ह असलेली हत्यारं वापरा.

ड्यूटी सायकल ६० टक्के म्हणजे काय?

दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं विश्रांती, त्या अँपिअरला. विश्रांतीत इंजिन बंद करायचं नाही, पंख्याची हवा मिळू द्यायची. हा आकडा बहुधा ४० अंश तापमान धरून दिलेला असतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तिथे विश्रांती वाढवा.

थोडेसेच टॅक (तुकडा जागेवर धरणारे छोटे टाके) मारायचे आहेत, काळी काच नाही घेतली तर?

टॅक मारतानाच डोळ्यांना सगळ्यात जास्त लागतं, कारण दर वेळी आर्क पेटताना डोळा उघडा असतो. वेल्डिंगच्या प्रकाशातली अतिनील किरणं बुबुळाचा वरचा थर भाजतात. तेव्हा काहीच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, मध्यरात्री, डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही, दिवा सहन होत नाही. बाजूला उभा राहून फळी धरणाऱ्या हेल्परला हे वेल्डरपेक्षा जास्त वेळा होतं, कारण स्क्रीन एकच असते.

घरी बटाट्याच्या चकत्या ठेवतात, दूध घालतात. डोळ्यांत दूध घालू नका, भाजलेल्या बुबुळाला जंतुसंसर्ग होऊ शकतो. बंद पापण्यांवर स्वच्छ गार पाण्याची घडी ठेवा, अंधारात पडा, डोळे चोळू नका आणि सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलमधून बधिर करणारे थेंब आणून वारंवार घालू नका, त्यांनी जखम भरायची थांबते. बहुतेकांचे डोळे एक-दोन दिवसांत बरे होतात, पण प्रत्येक वेळी ते होईलच असं धरून चालू नका.

दीडशे अँपिअरपर्यंतच्या कामाला १० किंवा ११ नंबरची काच. उन्हाचा गॉगल चालत नाही. यंत्राबरोबर आम्ही दोन स्क्रीन देतो, दुसरी हेल्परसाठीच असते. ती गाडीत ठेवून येऊ नका. लहान मुलं बघायला जमतातच, त्यांच्या बाजूने ओलं गोणपाट किंवा पत्रा आडवा लावा.

जीआय पाइप आणि पत्र्याचा धूर का लागतो?

त्यावरचा जस्ताचा थर जळून पांढरा धूर होतो. तो श्वासात गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून वेल्डर त्याला मोजत नाहीत. जोडाच्या दोन्ही बाजूंचा थर आधी घासून काढा, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने बसा म्हणजे धूर तोंडासमोर साठणार नाही. स्टेनलेसच्या धुरात क्रोमियम असतं, तिथे चांगला मास्क हवाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये सगळ्याच वेल्डिंगच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं आहे. रुमाल बांधून हा धूर अडत नाही. ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर, तो पूर्ण वाळेपर्यंत आर्क पेटवू नका. त्यातल्या काही द्रवांपासून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो.

गोठ्याजवळ काम आहे. आगीची काय काळजी घ्यायची?

ठिणग्या ३५ फुटांपर्यंत जातात असं धरून जागा मोकळी करा. कडब्याची गंजी हलवता येत नसेल तर काम हलवा. जॉब सोडवून मोकळ्या जागी आणून जोडा. तेही शक्य नसेल तर मध्ये पत्रे उभे करा, जमीन ओली करा, पण तुमची उभं राहायची जागा सोडून. जनावरं बाहेर काढून बांधा.

पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते आधी जाऊन बघा. एका बाजूला टाका मारला की दुसऱ्या बाजूचा रंग, थर्माकोल, गोणपाट पेटतं. ठिणगी गवतात किंवा भुशात तासभर धुमसत राहू शकते, म्हणून काम संपल्यावर लगेच घरी जाऊ नका. अर्धा तास तर थांबाच, गोठा असेल तर तासभर. आग विझवायचं डीसीपी पावडरचं सिलेंडर आणि वाळूची बादली जवळ हवी. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नका, ते पेट्रोल तरंगत पसरतं.

आणि डिझेल, पेट्रोल, औषधाचा रिकामा ड्रम कापायला किंवा जोडायला घेऊ नका. भरलेल्यापेक्षा रिकामा ड्रम जास्त धोकादायक, कारण त्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात.

ट्रॅक्टर, ट्रॉली किंवा गाडीवर वेल्डिंग करताना?

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, नाहीतर अल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक्स जळतं. क्लॅम्प असा लावा की करंट बेअरिंगमधून जाणार नाही. डिझेल टाकी आणि हायड्रॉलिक होज कुठून जातात ते आधी बघा.

यंत्र टेम्पोतच ठेवून चालवता येईल का?

उघड्या हौद्यात, फळके पाडून, यंत्र बांधून, थोडा वेळ चालेल. ताडपत्रीच्या छताखाली किंवा बंद टेम्पोत नाही. नेताना पेट्रोलचा कॉक बंद, यंत्र उभं, आणि सायलेन्सर गार झाल्याशिवाय वर काही टाकू नका. वजन ८०-१०० किलोच्या घरात असतं, दोघांनी उचलायचा हट्ट नको, चौघं घ्या.

महाबळेश्वरला यंत्राची ताकद कमी वाटली. बिघाड आहे का?

बहुधा नाही. हवा विरळ झाली की दर ३०० मीटरला इंजिनाची ताकद साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे पंधरा टक्के गेले. रॉड एक नंबर बारीक घ्या. अशा वेळी काळा धूर दिसला तर मिश्रण जास्त झालंय, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडही जास्त.

पेसमेकर असलेल्या माणसाने काम करावं का?

हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय जवळही थांबू नये. वेल्डिंगच्या केबलभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. केबल खांद्याभोवती किंवा अंगाभोवती गुंडाळून तर कुणीच काम करू नये.

महिनाभर काम नाही. पेट्रोल टाकीत राहू द्यावं का?

काढून टाका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली आर्द्रता ओढतं, पाणी खाली बसतं आणि कार्बोरेटर गंजतो. टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत उघड्यावर चालवा, म्हणजे कार्बोरेटरमधलंही संपेल. काढलेलं पेट्रोल डब्यात भरून झाकण घट्ट लावा. हे सगळं देवघरातला दिवा, स्टोव्ह आणि गॅसच्या शेगडीपासून लांब करा. यंत्र गार झाल्यावर कोरड्या जागी झाकून ठेवा, केबल सैल गुंडाळा. पुन्हा काढाल तेव्हा उंदरांनी पेट्रोलची नळी किंवा केबल कुरतडली आहे का, ते सगळ्यात आधी बघा.